ध्वजाचे रंग आणि ध्वजाची काठी

 

परिषदेच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील संशोधनाचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. मोडी कागदपत्रांचे वाचन व सूचीकरण, संस्थानी दप्तरांचा अभ्यास आणि कामगार चळवळीचा मौखिक इतिहास या तीन शाखांमध्ये समाधानकारक काम झाले असून त्याचा तपशील चिटणीसांच्या छापील अहवालात असल्यामुळे येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय प्रतीकांचा, म्हणजे ध्वज, राजमुद्रा, राष्ट्रगीत व तत्सम चिन्हांचा अभ्यास ही चौथी शाखा मात्र अशी आहे की, तिच्यात दरवर्षी भरपूर निबंध सादर होतात आणि त्यांपैकी बहुतेक आदल्या वर्षीचेच वाटतात. उरलेला सारा वेळ या शाखेला देण्यात येत आहे. इतर शाखांच्या अभ्यासकांनी हा पक्षपात क्षम्य मानावा.

या निबंधांची घडण एकाच साच्याची असते. प्रथम ध्वजाचे वर्णन येते, मग प्रत्येक रंगाचा अर्थ सांगितला जातो, त्यानंतर तो अर्थ आणि राष्ट्राचे प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतराबद्दल खेद व्यक्त होतो, आणि निबंध संपतो. ध्वजाचा आशय त्याच्या रंगांत व आकृत्यांत साठवलेला असतो आणि तो उलगडून दाखवला की अभ्यास पूर्ण झाला, असे गृहीत धरणाऱ्या या पद्धतीला ‘रंगार्थपद्धती’ असे नाव देता येईल. प्रस्तुत वक्त्याचे मत असे की, विभागलेल्या राष्ट्रात ध्वजाचे राजकारण रंगांपेक्षा काठीपाशी अधिक सापडते. ध्वज कोणत्या इमारतीवर चढला, कोणत्या दिवशी, कोणाच्या ठरावाने, कोणाची हरकत डावलून, आणि तो उतरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे कळल्याशिवाय रंगांविषयी काहीही सांगणे व्यर्थ असते. हे मत मांडणारा एक लेख बऱ्याच वर्षांपूर्वी एका संशोधनपत्रिकेकडे गेला होता आणि ‘रंगांचे अर्थ दिलेले नाहीत, ते देऊन लेख पुन्हा पाठवावा’ अशा आशयाच्या शेऱ्यासह तो परत आला. अर्थ दिले गेले नाहीत, लेखही पुन्हा गेला नाही, आणि तेव्हापासून साचलेले म्हणणे मांडण्यास, जेथे श्रोत्यांना मध्येच उठून जाणे शिष्टाचारामुळे अवघड असते अशा आजच्या प्रसंगाहून अधिक सोयीचा प्रसंग मिळणे कठीण आहे.

उदाहरण आयर्लंडचे घेतले आहे, कारण रंगार्थपद्धतीचे अभ्यासकही हेच उदाहरण सर्वप्रथम पुढे करतात. १९२० च्या कायद्याने या बेटाची दोन भागांत विभागणी ठरली आणि १९२१ मध्ये ती अमलात आली. सव्वीस परगण्यांचा दक्षिण भाग पुढे स्वतंत्र आयरिश राज्य झाला, तर ईशान्येकडील सहा परगण्यांचा उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या संयुक्त राज्यातच राहिला. उत्तरेतील जे लोक ब्रिटनशी असलेला हा संबंध टिकवू पाहतात, आणि जे बहुतांशी प्रॉटेस्टंट आहेत, त्यांना ‘युनियनवादी’ म्हटले जाते. ज्यांना बेट एक व्हावे असे वाटते, आणि जे बहुतांशी कॅथलिक आहेत, त्यांना ‘राष्ट्रवादी’ म्हटले जाते. पहिल्यांचा ध्वज ब्रिटनचा संघध्वज, म्हणजे युनियन जॅक, आणि दुसऱ्यांचा हिरवा, पांढरा व केशरी असा उभ्या पट्ट्यांचा आयरिश तिरंगा. या दुसऱ्या ध्वजाबद्दल प्रत्येक विद्यार्थी एक वाक्य पाठ करून येतो, ते असे की हिरवा म्हणजे कॅथलिक, केशरी म्हणजे प्रॉटेस्टंट आणि मधला पांढरा म्हणजे दोघांतील शांती. हे वाक्य चूक नाही. १६९० च्या बॉइनच्या लढाईत कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सचा पराभव करणाऱ्या ऑरेंज घराण्यातील विल्यमवरून, आणि त्याच्या स्मरणार्थ १७९५ मध्ये आर्मा परगण्यात स्थापन झालेल्या ‘ऑरेंज ऑर्डर’ या प्रॉटेस्टंट बंधुसंघटनेवरून केशरी रंग आला, हेही खरे आहे. प्रश्न असा आहे की, हे सांगून काय सांगितले गेले.

या ध्वजाचा सर्वांना मान्य असलेला उगम १८४८ चा आहे. त्या वर्षाच्या मार्चमध्ये टॉमस फ्रान्सिस माहर या तरुण पुढाऱ्याने वॉटरफर्ड शहरात एका राजकीय मंडळाच्या खिडकीतून तो प्रथम फडकवला आणि एप्रिलमध्ये, फ्रान्समधील क्रांतिकारकांना भेटून परत आल्यावर, डब्लिनच्या सभेत तो समारंभपूर्वक सादर केला. मधला पांढरा पट्टा हा केशरी व हिरव्या पक्षांतील कायमच्या तहाचा निदर्शक असल्याचे त्याने त्या वेळी सांगितले. हेतू उदार होता याविषयी शंका नाही. परंतु माहर स्वतः कॅथलिक होता, ज्या गटाच्या वतीने तो बोलत होता तो राष्ट्रवादी होता, आणि ज्यांचा रंग या ध्वजात घेतला गेला त्या ऑरेंज ऑर्डरच्या कोणत्याही शाखेने तो रंग देऊ केलेला नव्हता किंवा ध्वज आपला म्हणून स्वीकारला नव्हता. तहाची कलमे एकाच पक्षाने लिहावीत, दुसऱ्या पक्षाची सही त्यानेच करावी आणि मग तह झाल्याचे जाहीर करावे, असा हा प्रकार होता. रंगार्थपद्धतीला ही बाब दिसत नाही, कारण कापडावर केशरी पट्टा आहे एवढे तिला पुरते.

युनियन जॅकची कथा याहून वेगळी नाही, आणि तरीही ती या संदर्भात क्वचितच सांगितली जाते. १६०६ मध्ये इंग्लंडचा संत जॉर्ज यांचा लाल क्रूस व स्कॉटलंडचा संत अँड्र्यू यांचा पांढरा तिरका क्रूस एकत्र करून तयार झालेल्या ध्वजात १८०१ मध्ये, आयर्लंडचे स्वतंत्र संसदीय अस्तित्व संपवणाऱ्या एकीकरणाच्या कायद्याबरोबर, संत पॅट्रिक यांचा म्हणून लाल तिरका क्रूस घालण्यात आला. अर्थ लावायचाच झाला तर ब्रिटनच्या ध्वजात आयर्लंड आहे आणि आयर्लंडच्या ध्वजात ब्रिटनशी निष्ठा बाळगणारा प्रॉटेस्टंट आहे. दोन्ही ध्वज रचनेने समावेशक आहेत, दोन्ही एकेका पक्षाने दुसऱ्याला न विचारता रचलेले आहेत, आणि त्याच दोन समावेशक ध्वजांखाली एका शहरातील शेजाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या खिडक्या फोडल्या आहेत.

शिवाय १८४८ नंतर हा तिरंगा फारसा वापरातही नव्हता. राष्ट्रवादी चळवळीचा सर्वपरिचित ध्वज हिरव्या पार्श्वभूमीवरील सोनेरी वीणेचा होता. १९१६ च्या ईस्टरच्या उठावात डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयावर एका कोपऱ्यात तिरंगा व दुसऱ्या कोपऱ्यात ‘आयरिश रिपब्लिक’ अशी अक्षरे असलेला हिरवा ध्वज लावण्यात आला, उठाव आठवडाभरात दडपला गेला, पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यानंतरच तिरंगा सर्वत्र दिसू लागला. ज्याचा जाहीर अर्थ तह असा होता त्या ध्वजाला देशभर मान्यता मिळाली ती एका सशस्त्र उठावामुळे, आणि ती मिळाल्यानंतर उत्तरेतील युनियनवाद्याला त्यात केशरी पट्टा शोधायला सांगणे हा भाबडेपणा होता. १९३७ च्या राज्यघटनेच्या सातव्या कलमाने हिरवा, पांढरा व केशरी असा तिरंगा हाच राष्ट्रध्वज असल्याचे लिहून ठेवले. तरी दक्षिणेतील सामान्य माणूस तिसऱ्या पट्ट्याला पुष्कळदा सोनेरीच म्हणतो, गाण्यांत तो सोनेरीच होतो, आणि पिवळ्या छटेचे ध्वज वापरू नयेत असे सरकारी मार्गदर्शक सूचनांना सांगावे लागते. प्रॉटेस्टंटांसाठी राखलेली जागा घरच्याच लोकांनी बोलण्याच्या ओघात परत घेतली, असे याचे वर्णन कोणी केले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

काठीचा इतिहास उत्तरेत अधिक स्पष्ट वाचता येतो. १९५३ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने संघध्वज कोठे लावावा आणि कोठे नाही यावरून खटके उडाले, आणि पुढील वर्षी उत्तर आयर्लंडच्या संसदेने ध्वज व चिन्हे यांच्या प्रदर्शनाविषयीचा कायदा केला. या कायद्याच्या दोन तरतुदी होत्या. संघध्वज लावणाऱ्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरला, आणि दुसरा कोणताही ध्वज किंवा चिन्ह यांच्यामुळे शांततेचा भंग होण्याचा संभव आहे असे पोलीस अधिकाऱ्यास वाटल्यास ते काढण्याचा हुकूम देण्याचा, हुकूम न पाळल्यास ते स्वतः काढून टाकण्याचा आणि त्यासाठी खासगी जागेतही शिरण्याचा अधिकार त्याला मिळाला. आयरिश तिरंग्याचा उल्लेख संपूर्ण कायद्यात कोठेही नाही. रंगांबद्दल एक अक्षर न लिहिता एका ध्वजाला कायद्याचे संरक्षण आणि दुसऱ्याला पोलिसांची मर्जी, अशी विभागणी या कायद्याने केली, आणि सर्वांना ती तत्काळ समजली. शांतता कोण भंग करील, ध्वज लावणारा की तो पाहून चिडणारा, हा प्रश्न कायद्याने जाणूनबुजून मोकळा सोडला. त्यामुळे ज्याला चिडता येत होते त्याच्या हाती ध्वज उतरवण्याची किल्ली आली.

ती किल्ली कशी फिरते हे १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत दिसले. पश्चिम बेलफास्टमधील डिव्हिस स्ट्रीट या कॅथलिक वस्तीच्या रस्त्यावर रिपब्लिकन, म्हणजे जहाल राष्ट्रवादी, उमेदवाराच्या निवडणूक कार्यालयाच्या खिडकीत एक छोटा तिरंगा होता. वस्तीतील कोणाची त्यास हरकत नव्हती. इयन पेस्ली या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने मात्र, पोलिसांनी तो काढला नाही तर आपण मोर्चा नेऊन काढू, अशी धमकी दिली. पोलिसांनी दार फोडून ध्वज नेला, काही दिवसांनी तेथे दुसरा लावला गेला, पोलिसांनी खिडकीच फोडून तोही नेला, आणि त्यानंतर जी दंगल झाली तशी त्या शहराने अनेक वर्षांत पाहिली नव्हती. पुढे शिन फेन या राष्ट्रवादी पक्षाचे अध्यक्ष झालेले गेरी अ‍ॅडम्स त्या वेळी शाळकरी वयाचे होते आणि आपल्या राजकीय जाणिवेची सुरुवात सांगताना त्यांनी या घटनेचा निर्देश केला आहे. एका खिडकीत, रस्त्यावरून जाणाऱ्यालाच दिसेल असा, तो ध्वज होता. त्याच्या पांढऱ्या पट्ट्याने कोणाला शांत केले नाही आणि केशरी पट्ट्याने पेस्ली यांना आपलेसे वाटले नाही.

काल दुपारच्या सत्रात दोन ज्येष्ठ सदस्यांमध्ये जो वाद रंगला त्याचा निकाल येथेच लावणे सोयीचे होईल. ध्वजाचे वाद हा वरवरचा देखावा असून खरा प्रश्न नोकऱ्या, घरे व मतदानाचे अधिकार यांचा होता, असे एकाचे म्हणणे. तर ओळख हीच मूळ बाब असून नोकऱ्यांचा प्रश्न तिच्यामागून येतो, असे दुसऱ्याचे. दोघांनीही ग्रंथांचे पुष्कळ आधार दिले. प्रस्तुत वक्त्याला बेलफास्टच्या एका वाचनालयात नेहमी समोरच्या मेजावर बसणारा, जहाजबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक वृद्ध कामगार आठवतो, ज्याच्याशी वृत्तपत्राच्या देवघेवीतून ओळख झाली होती. बॉइनच्या लढाईच्या स्मरणाचा १२ जुलै जवळ आला की कारखान्यात यंत्रांवर लाल-पांढऱ्या-निळ्या पताका लागत, असे त्याने सांगितले. त्या लावा असे व्यवस्थापन सांगत नसे आणि काढा असेही सांगत नसे, परंतु नोकरी मागायला आलेला कॅथलिक मुलगा दारातून त्या पताका पाहत असे आणि बहुधा पुन्हा येत नसे. तो स्वतः प्रॉटेस्टंट होता आणि पताका लावणाऱ्यांत होता. १९२० च्या जुलैमध्ये बेलफास्टच्या जहाजबांधणी कारखान्यांतून हजारो कॅथलिकांना आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या प्रॉटेस्टंट कामगारांना हाकलून देण्यात आले होते, हा इतिहास ग्रंथांत आहे. पताकांनी नंतर तेच काम बिनबोभाट कसे केले हे त्या वृद्धाच्या सांगण्यात होते. नोकऱ्यांतील समान संधीविषयी १९७६ व १९८९ मध्ये जे कायदे झाले त्यांच्या अनुषंगाने कामाच्या ठिकाणी असे ध्वज व चिन्हे लावण्यास प्रतिबंध करावा लागला, आणि तो करू पाहणाऱ्या व्यवस्थापनांना कामगारांच्या रोषाला तोंड द्यावे लागले. पताका हीच जेथे भरतीची अट होती तेथे भाकरी आधी की ओळख आधी हा वाद निरर्थक ठरतो, आणि दोन्ही ज्येष्ठ सदस्यांनी तो आता मिटवावा.

१९५४ चा कायदा १९८७ मध्ये रद्द झाला आणि उत्तरेतील संघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारात प्रतीकांचा वापर परस्पर आदर वाढवील अशा रीतीने व संवेदनशीलतेने व्हावा, असे लिहिले गेले. हे लिहिताना कोणत्या इमारतीवर कोणत्या दिवशी कोणता ध्वज, हे मात्र लिहिले गेले नाही. शासकीय इमारतींसाठी २००० मध्ये नियम झाले आणि संघध्वज काही नेमलेल्या दिवशीच, म्हणजे राजघराण्यातील वाढदिवस व तत्सम प्रसंगी, लावण्याचे ठरले. नगरपालिका व जिल्हा परिषदा या नियमांच्या बाहेर राहिल्या. परिणाम असा की काही ठिकाणी संघध्वज रोज, काही ठिकाणी नेमलेल्या दिवशी आणि काही ठिकाणी कधीच नाही, अशी स्थिती झाली, आणि ध्वजाचा प्रश्न स्थानिक बहुमताच्या हाती गेला.

बेलफास्टचे नगरभवन १९०६ मध्ये उघडले तेव्हापासून तेथे संघध्वज रोज असे. ३ डिसेंबर २०१२ रोजी नगर परिषदेने तो नेमलेल्या दिवशीच, म्हणजे वर्षातून अठराच्या आसपास दिवस, लावण्याचा ठराव २९ विरुद्ध २१ मतांनी केला. राष्ट्रवादी पक्षांना तेथे कोणताच ध्वज नको होता, युनियनवाद्यांना रोज हवा होता, आणि दोन्ही समाजांत मिसळून राजकारण करू पाहणाऱ्या अलायन्स पक्षाने सुचवलेली ही तडजोड होती. त्या वेळी ब्रिटनच्या इतर भागांत अनेक सार्वजनिक इमारतींवर हीच रीत होती. मतदानानंतर काही मिनिटांतच जमाव इमारतीच्या आवारात घुसला, पुढे कित्येक महिने रस्ते अडवले गेले, अलायन्स पक्षाच्या कार्यालयांवर हल्ले झाले आणि त्याच्या खासदार नेओमी लाँग यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ठरावानंतर ध्वज प्रथम चढला तो ९ जानेवारी २०१३ रोजी, केंब्रिजच्या डचेस केट यांच्या वाढदिवसानिमित्त. एवढ्या मोठ्या प्रक्षोभात ध्वजाचा एक धागाही बदललेला नव्हता, आणि त्या काठीवर दुसरा ध्वज लावण्याची मागणीही कोणी मान्य केलेली नव्हती. बदलली होती ती दिवसांची संख्या आणि ती ठरवणारे बहुमत. ज्या शहरात युनियनवाद्यांचे बहुमत गृहीत धरले जात होते तेथे ते उरले नाही, हे या ठरावाने प्रथमच सर्वांना दिसेल अशा उंचीवर टांगले. रंगार्थपद्धतीच्या अभ्यासकाने या घटनेवर निबंध लिहिला तर तो कशावर लिहील, हे जाणून घेण्याची प्रस्तुत वक्त्याला प्रामाणिक इच्छा आहे.

सार्वजनिक इमारतीवरील ध्वजाला निदान ठराव असतो. दिव्याच्या खांबावरील ध्वजाला तोही नसतो. उत्तर आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात वस्त्यांतील खांबांवर ध्वज लागतात, पदपथांच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या किंवा हिरव्या-पांढऱ्या-केशरी रंगवल्या जातात, आणि कोणता मोहल्ला कोणाचा हे परक्यालाही न विचारता कळते; अलीकडे तर युनियनवादी वस्त्यांत इस्रायलचे आणि राष्ट्रवादी वस्त्यांत पॅलेस्टाइनचे ध्वजही दिसतात. हे ध्वज हिवाळ्यापर्यंत चिंध्या होऊन लोंबकळत राहतात. प्रस्तुत वक्ता ज्या घरी काही काळ उतरला होता तेथील वृद्ध घरमालकिणीला, ज्या स्वतः युनियनवादी होत्या, ही चिंधी संघध्वजाचा अपमान वाटत असे. ती उतरवत का नाही असे विचारता, उतरवणाऱ्याला याच गल्लीत राहायचे असते, एवढेच त्या म्हणाल्या. ध्वजावरील निष्ठा आणि ध्वज लावणाऱ्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा अभ्यास आपल्या परिषदेत आजवर झालेला नाही. ध्वज, ओळख, संस्कृती व परंपरा यांविषयी २०१६ मध्ये नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०२१ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला, परंतु कळीच्या मुद्द्यांवर सदस्यांचे एकमत झाले नाही आणि अंमलबजावणीचा आराखडाही ठरला नाही.

यावर काही तरुण सदस्य असे सुचवतात की, तटस्थ रंगांचा नवा ध्वज रचला तर प्रश्न सुटेल. त्यांनी सायप्रसकडे पाहावे. १९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या बेटाच्या राज्यघटनेने ध्वजाची आकृती व रंग तटस्थ असावेत असे ठरवले, त्यानुसार पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबूस-पिवळ्या रंगात बेटाचा नकाशा व खाली ऑलिव्हच्या दोन डहाळ्या असा ध्वज तयार झाला, बेटावरील ग्रीक समाजाचा निळा व तुर्की समाजाचा लाल हे दोन्ही कटाक्षाने टाळले गेले. आणि त्याच कलमात दोन्ही समाजांना सणांच्या दिवशी ग्रीसचा व तुर्कस्तानचा ध्वज लावण्याची मुभाही दिली गेली. १९६३ पासून कारभार मोडला, १९७४ मध्ये बेट दुभंगले. तटस्थ कापडाने काही बिघडवले नाही, तसेच काही सावरलेही नाही. उत्तर आयर्लंडला तर आज स्वतःचा असा अधिकृत ध्वजच नाही. लाल पंजा, तारा व मुकुट असलेला १९५३ चा अल्स्टर ध्वज तेथील सरकार १९७२ मध्ये स्थगित झाल्यावर अधिकृत दर्जा गमावून बसला, आणि आता तो मुख्यतः फुटबॉलच्या व राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या मैदानात दिसतो.

हे सारे परदेशाचे झाले, मराठी अभ्यासकाला त्याचे काय, असा आक्षेप येणारच. त्याचे उत्तर नागपुरात आहे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात सुरू झाला, तेथील नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय ध्वज लावण्याच्या प्रश्नातून, आणि मे महिन्यापासून तो नागपुरात लढला गेला. नागपूर शहरात ध्वज नेण्यास अडचण नव्हती. सरकारने बंदी घातली ती युरोपीय अधिकाऱ्यांची वस्ती असलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये ध्वजाची मिरवणूक नेण्यावर. जमनालाल बजाज यांच्या, आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली देशभरातून आलेले हजाराहून अधिक स्वयंसेवक तुरुंगात गेले ते एका रस्त्यावरून पांढरा, हिरवा, लाल व चरखा असा ध्वज हातात घेऊन चालण्याच्या हक्कासाठी. त्या रंगांचे अर्थ तेव्हा बदलतच होते, आणि १९३१ मध्ये तर ते पूर्ण बदलले. त्या वर्षी नेमलेल्या सात जणांच्या ध्वज समितीत वल्लभभाई, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग व पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. समितीने संपूर्ण केशरी ध्वजाची शिफारस केली, मुंबईच्या बैठकीत काँग्रेस महासमितीने ती बाजूला ठेवून केशरी, पांढरा व हिरवा हे रंग स्वीकारले आणि या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही असे स्पष्ट केले. एका राष्ट्रीय संस्थेने रंगांचे जातीय अर्थ ठराव करून फेटाळले, तरी शाळेतील पुस्तकांतून आणि या परिषदेतील निबंधांतून रंगार्थपद्धती अजून गेलेली नाही.

डॉ. हर्डीकरांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. नागपूरच्या सत्याग्रहात ते व त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, माफी मागून सुटणे त्यांनी नाकारले, आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या काकिनाड्याच्या अधिवेशनाच्या वेळी त्यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी सेवा दलाची उभारणी झाली. महिन्याच्या अखेरच्या रविवारी सकाळी गावोगाव ध्वजवंदन करण्याची जी रीत सेवा दलाने रुजवली तिच्यात रंगांवर प्रवचन नसे, शिस्तीने उभे राहणे, दोरी ओढणे आणि ध्वज उतरेपर्यंत त्याची राखण करणे एवढेच असे. ध्वज लोकांचा कसा होतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या नंतरच्या अभ्यासकांनी मात्र चरख्याच्या आऱ्या मोजल्या. सेवा दलाच्या त्या पिढीतील शेवटची माणसे हयात असताना त्यांच्याकडून गावोगावच्या काठ्यांची हकिकत टिपून घ्यायला हवी होती, आणि ती वेळ आता गेली आहे.

उरलेल्या कामांची यादी करणे अध्यक्षाकडून अपेक्षित असते. स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड यांतील नगरपालिकांनी राष्ट्रीय ध्वज लावण्याविषयी केलेले, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रद्द केलेले ठराव एकत्र करावेत. मादाम कामा यांनी १९०७ मध्ये स्टुटगार्ट येथे फडकवलेला आणि पुढे पुण्याच्या केसरी-मराठा संस्थेत आलेला ध्वज कोणत्या वाटेने, कोणत्या परवानग्या चुकवत आला याची हकिकत नीट जुळवावी. आणि गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली तिरंगा लावणाऱ्यांवर झालेल्या खटल्यांचे कागद शोधावेत. यासाठी एक छोटी समिती नेमता येईल आणि तिची रूपरेषा प्रस्तुत वक्ता सवडीने चिटणीसांकडे पाठवील. तोपर्यंत नागपूरच्या सदस्यांनी निदान एवढे ठरवून टाकावे की, १९२३ मधील बंदीची हद्द रस्त्यावर नेमकी कोठे सुरू होत होती आणि पहिल्या तुकडीला पोलिसांनी कोणत्या ठिकाणी अडवले; कारण या सत्याग्रहावर या परिषदेत आजवर वाचल्या गेलेल्या निबंधांत ध्वजाची लांबी-रुंदी आहे, त्याचे रंग आहेत, आणि तो रस्ता नाही.